काळ्या मातीत घोरपड

वर्धा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो उन्हाचा आणि दुसरा संत्र्यांचा. दोन्हींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. फेब्रुवारीत गेलो होतो, ऊन बेताचं होतं. पिशवीभर संत्री आणली होती ती मनमाड यायच्या आत संपली. मी तिकडे गेलो होतो ते आम्ही स्वतः बनवलेली एक मोटारगाडी घेऊन, आणि ती मोटारगाडी तिथल्या शेतांतून पळवायला. हे ऐकून आमच्या वाड्यातल्या जोशीकाकूंनी माझ्या आईला माझ्या तब्येतीबद्दल विचारलं होतं.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती. मी आणि विलास इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. विलास गिरडजवळच्या एका खेड्यातला, कपाशी-ज्वारी करणाऱ्या घरातला. वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. प्रोजेक्ट म्हणून सगळे पंप आणि कॉम्प्रेसर करत असताना आम्ही बिनरस्त्याची, खाचखळग्यांतून पळणारी शर्यतीची गाडी करायची ठरवली. भंगारातल्या जीपची मागची दोन चाकं, जुन्या मोटारसायकलचं इंजिन, रिक्षाचा मागे घ्यायचा गिअर, पाण्याच्या पाइपांचा सांगाडा आणि पुढे स्कूटरची दोन चिमुकली चाकं. आराखडा माझा, वेल्डिंग विलासचं. गाडी जमिनीला जितकी लगटून तितकी ती उलटायची भीती कमी, म्हणून मी तिचं नाक अगदी खाली आणलं होतं. वेताळ टेकडीच्या मुरमावर ती सरसर चढली तेव्हा मी तिचं नाव घोरपड ठेवलं, आणि आराखड्याची गुंडाळी पत्र्याच्या नळकांड्यात घालून छातीशी धरून फिरायला लागलो.

आमच्या सरांना मात्र ते खेळणं वाटत होतं. नागपूरच्या काही हौशी मोटारवाल्यांनी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची शर्यत गिरडच्या टेकडीच्या पायथ्याला ठेवल्याचं कळलं, तेव्हा सर म्हणाले की गाडी तिथे शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचल्याचा पंचांचा सहीचा कागद आणा, तर मी प्रोजेक्टवर सही करीन. नाही तर वर्ष गेलं. माझं गेलं असतं तर घरी बोलणी बसली असती, एवढंच. विलासच्या वडिलांनी त्याला चार वर्षं दिली होती आणि ती या एप्रिलात संपत होती. पाचवं मागायचं नाही, परत येऊन तिफण धरायची, असा त्यांचा शब्द होता आणि विलासने तो मान्य केला होता.

सिंदी

घोरपड मोडून तिचे चार खोके केले आणि रेल्वेने सिंदीला पाठवले, कारण तिथे विलासच्या मामांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आम्ही उतरलो तर खोके आमच्या आधी पोहोचले होते आणि मामांनी उत्सुकतेपोटी दोन उघडलेही होते. स्टीअरिंगचं चाक त्यांनी दुकानात शोभेला खिळ्यावर टांगलं होतं. ते काढून घेताना मामांचा चेहरा पडला.

फलाटावर पाय ठेवल्याबरोबर विलासची भाषा बदलली. चार वर्षं माझ्याशी 'मला-तुला' बोलणारा हा प्राणी हमालाला 'मले दे, तुले नाई झेपनार' म्हणाला, आणि मी आपला शेजारी उभा राहून नव्या माणसाची ओळख करून घेत होतो. चहाही बदलला. पुण्यात चहा मागितला की येतो तो कपात, विचार करून प्यावा लागेल इतकाच. मामींनी पितळी गिलास भरून दिला आणि तो रिकामा होताच न विचारता परत भरला. गिलास पालथा घातल्याशिवाय सुटका नसते हे मला तिसऱ्या गिलासानंतर कळलं.

सिंदीहून हिंगणघाटपर्यंत खोके आणि आम्ही कापसाच्या ट्रकमधून गेलो, गाठींवर बसून. हिंगणघाटात जिनिंगच्या कारखान्यांपाशी हवेतच कापूस तरंगत होता. वेणा नदीच्या पुलावर मी शिंकलो तो गाव येईपर्यंत शिंकतच होतो. पुढे दोन बैलगाड्या करून आम्ही विलासच्या घरी पोहोचलो तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झालेल्या पाहून त्याच्या धाकट्या बहिणीने मला मास्तर समजून नमस्कार केला.

विलासच्या घरी

रोडगे हा पदार्थ मी तोवर ऐकलाही नव्हता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, कुस्करायचे आणि त्यावर वरण आणि तूप. सोबत वांग्याची भाजी. विलासच्या मायनं वाढलेल्या त्या भाजीचा पहिला घास मी आमच्याकडची गूळ घातलेली आमटी समजून निर्धास्तपणे घेतला आणि तिखटाने मला जवळजवळ रडू आलं. माय घाबरली. विलासच्या बाबांनी मान खाली घालून जेवण चालू ठेवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. बाबा कमी बोलणारे, उंच, कायम टोपी घातलेले. मी आलो त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, की ही गाडी नांगराला जोडता येईल का. येणार नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

शर्यतीला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी आम्ही घोरपड जोडली आणि कपाशी निघालेल्या शेतात नेली. अर्धं गाव बांधावर बसलं होतं. मी नळकांड्यातून आराखडा काढून बोनेटवर पसरून दाखवला आणि दोन वाक्यं भाषणही केलं, जे आता आठवलं की कान गरम होतात. मग मी शेजारी बसलो आणि विलासने किक मारली. घोरपड झेपावली आणि वीस पावलांवर तिचं डावं पुढचं चाक जमिनीत नाहीसं झालं.

आमच्याकडची जमीन मी पाहिली होती. ही काळी माती मी पाहिली नव्हती. पावसाळ्यात फुगते, हिवाळा सरत आला की सुकून फाटते, आणि मनगट जाईल एवढ्या तिला भेगा पडतात. माझ्या लगटून चालणाऱ्या गाडीचं चिमुकलं चाक अशा भेगेत तुंब्यापर्यंत, म्हणजे मधल्या गाभ्यापर्यंत गेलं होतं, स्टीअरिंगचा दांडा वाकला होता आणि मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापलेल्या कपाशीच्या, खुंटांवर उताणा पडलो होतो. मी उठून पाहतो तर बांधावर कोणी नव्हतं. सगळे गाडीपाशी होते. पंधरावीस माणसांनी कोणाला न विचारता खांदे लावले आणि घोरपड उचलून बाहेर ठेवली. कोणी हसलं नाही, कोणी आभारासाठी थांबलंही नाही. मी विलासला विचारलं, तर त्यालाच माझा प्रश्न नवा वाटला. इथे कोणाची गाडी फसलेली दिसली आणि तसंच पुढे गेलं, असं होत नाही. वैरी असला तरी खांदा लावायचा, भांडण मग पुढे चालू ठेवायचं. आमच्या लक्ष्मी रस्त्यावर गाडी बंद पडली की मागचा माणूस घंटी वाजवतो, हे मी त्याला सांगितलं नाही.

गर्दीतला एकच माणूस गाडीकडे न बघता भेगेकडे बघत होता. ते सुदामकाका, गावचे खाती. आपल्याकडचा सुतार आणि लोहार मिळून जो माणूस होईल तो इकडचा खाती. बैलगाड्या करायच्या, नांगर शेवटायचे, म्हणजे फाळाला धार लावून द्यायची, सगळं त्याच्याकडे. त्यांनी भेगेत हात घालून कोपरापर्यंत खोली मोजली आणि मला विचारलं, "हे चाक कोन्या मातीसाठी केलं जी तुमी?"

मी इंजिनाची ताकद, गाडीचं वजन, वळणातला तोल असं सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा तोच प्रश्न विचारला. सहा महिने मी आराखडा काढत होतो आणि त्यात इंजिनापासून भोंग्यापर्यंत सगळं होतं, माती कुठे नव्हती. मला फार ओशाळल्यासारखं झालं, आणि जरा रागही आला, स्वतःचा आणि त्यांचाही.

खात्याच्या मांडवात

सुदामकाकांची कामाची तऱ्हा अशी की ते आधी ओझं विचारायचे नाहीत, माती विचारायचे. गिरडच्या वाटेवरची माती कोणती, नाला कुठे ओलांडायचा, सगळं त्यांना पाठ होतं, तरी एक सकाळ ते आम्हाला घेऊन शर्यतीच्या वाटेवर चालले. बैलगाड्यांच्या चाकोरीत बसून त्यांनी दोन चाकोऱ्यांमधलं अंतर दोरीने मोजलं आणि दोरीला गाठ मारली. वाटेत कोणी हरभरा उपटून होळा भाजत होतं, तिथे बसून काळ्या तोंडाने गरम घाटे खाल्ले. टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात जाऊन आलो; पुढच्या माणसाच्या कपाळावर कुंकू आणि डोक्यावर रुमाल दोन्ही होतं आणि त्याचं तिथे कोणाला काही वाटत नव्हतं. टेकडीच्या वाटेवर सुपारीएवढे गोल दगड पडलेले असतात, त्यांच्यावरून मी दोनदा घसरलो. विलास म्हणाला की पुणेकर नवस न बोलताच लोटांगण घालतात.

मग स्कूटरची चाकं काढून टाकली. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बैलांना जुंपतात ती हलकी गाडी, तिला इकडे रेंगी म्हणतात. तिच्या चाकासारखी उंच, अरुंद दोन चाकं बाभळीच्या लाकडाची करायची ठरलं. भेगेवरून उंच चाक सहज जातं आणि चिखल झाला तर अरुंद चाक वरचा गाळ कापून खालच्या घट्ट मातीला लागतं, हे सुदामकाकांनी हाताच्या दोन हालचालींत समजावलं. मला ते गणिताने पटवून घ्यायला एक दुपार लागली. लाकडाच्या तुंब्यात स्कूटरचं बेअरिंग बसवायचं काम विलासने केलं, अन् गावात त्याचं पहिल्यांदा नाव झालं.

चाकावर लोखंडी धाव चढवणं हे एकट्याचं काम नव्हे. जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण पेटवून धाव लाल करतात, मग चौघे सांडशींनी उचलून ती लाकडावर बसवतात आणि त्याच क्षणी चहूकडून पाणी ओतायचं, म्हणजे लोखंड आवळून लाकडाला मिठी मारतं. शेजारपाजारचे सगळे कामं टाकून आले. मला बादली दिली होती. सगळ्यांच्या आधी मी घाईने पाणी ओतलं, ते निम्मं माझ्या पायांवर आणि निम्मं धावेच्या एकाच कडेवर. वाफेत मी दिसेनासा झालो. धाव वाकडी बसली, ती काढून पुन्हा तापवावी लागली. दुसऱ्या वेळी माझ्या हातात बादलीऐवजी पंखा देण्यात आला.

माझी एकच सूचना सुदामकाकांनी मान्य केली, ती म्हणजे धावेवरून जुन्या ट्रकच्या टायरची पट्टी ठोकायची, म्हणजे लोखंड घसरणार नाही. ती मान्य झाल्याचा मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी वांग्याची भाजी दोनदा घेतली.

नव्या चाकांवर घोरपड उभी राहिली तेव्हा तिचं खाली घातलेलं नाक आभाळाकडे गेलं होतं. माझ्या आराखड्यातली ती गाडी उरलीच नव्हती. गावाने तिला घोरपड म्हणणंही सोडून दिलं, सगळे तिला 'विलासची रेंगी' म्हणायला लागले. पहिल्या संध्याकाळी मी तोंड फुगवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती भेगांच्या शेतातून न अडखळता तीन फेऱ्या मारून आली, आणि मी नवा कागद घेऊन बसलो. चाक मोजून काढत होतो तेव्हा सुदामकाका मागे येऊन उभे राहिले. माझे आरे सरळ होते. प्रत्यक्षात ते तुंब्यापासून किंचित तिरपे निघत होते. काका म्हणाले, असं सरळ आऱ्यांचं चाक केलं तर पहिल्या वळणाला मोडेल. आराखडे वाचता न येणाऱ्या माणसाने माझी चूक काढली होती. मी रबर घेतलं आणि मुकाट्याने खोडलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी विलासने गावाला नियम वाचून दाखवले. सातवा नियम असा होता की गाडीत बसलेले दोघे शेवटपर्यंत गाडीतच राहतील आणि बाहेरच्या कोणाचाही हात गाडीला लागला तर ती बाद. हे ऐकून पारावरच्या एकाने विचारलं की हात नाही तर खांदा लावला तर चालते का. दुसऱ्याने दोराचं विचारलं. दोर हाताने ओढणार म्हणजे हातच झाला, असं तिसऱ्याने त्याला समजावलं. फसलेल्या गाडीला हात न लावण्याचा कागद नागपूरहून येतो, यावर सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचा विश्वासच बसेना. जाताना बाबांनी विलासला तो नियम पुन्हा एकदा वाचायला लावला.

गिरडचा पायथा

आणि पहाटे अवकाळी पाऊस पडला. तासभरच, पण त्या मातीला तेवढा पुरतो. सकाळी शेतात पाऊल टाकलं की वर येताना शेर-दोन शेर माती घेऊन येत होतं. पाच गाड्या होत्या. नागपूरकडच्या एका कॉलेजची गाडी तर इतकी सुंदर रंगवलेली होती की तिच्याशेजारी उभं राहायला लाज वाटावी. आमच्या लाकडी चाकांकडे बघून तिचे मालक एकमेकांना कोपरं मारत होते. आमचं सगळं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं, शंकरपटाला येतात तसं, शिदोऱ्या बांधून.

निशाण पडलं आणि पहिल्या शेतातच दोन गाड्या रुतल्या. त्यांची रुंद चाकं माती गोळा करून करून एवढी फुगली की फिरायची थांबली. सुंदर गाडी बरीच पुढे गेली. तिसऱ्या मैलावर तिला आम्ही गाठलं तेव्हा तिचे दोघे मालक तिच्यात हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी आम्हाला रामराम केला. एक गाडी पुढे निघून गेली होती. आमची रेंगी चिखल कापत, माझे दात वाजवत चालली होती. विलास गात होता. मी आयुष्यात इतका सुखी क्वचित झालो असेन.

शेवटची रेषा नाल्याच्या पलीकडे पन्नास पावलांवर होती. आम्ही नाल्यात उतरलो आणि मधोमध थांबलो. मागची चाकं जागेवर फिरत होती, चिखल उडत होता, गाडी बसत चालली होती.

आणि दोन्ही काठांवरून गाव धावत आलं. त्यांचा दोष नव्हता. गाडी फसलेली दिसली की पाय आपोआप निघतात त्यांचे. रात्री ऐकलेला नियम त्या पायांना ठाऊक नव्हता. सगळ्यांत पुढे बाबा होते, धोतर खोचून, दोन्ही हात पुढे केलेले. पंच काठावरून आमच्याकडेच बघत होते.

सुदामकाका कुठून मध्ये आले कोण जाणे. त्यांनी हातातली काठी आडवी धरली आणि बाबांच्या छातीला टेकवली.

"कोनी पुढे जाऊ नका," ते म्हणाले. "हात लागला तं पोराचं साल जाईन."

सगळे थांबले, आमच्यापासून चार हातांवर, गुडघाभर चिखलात. बाबांचे हात तसेच पुढे राहिले होते. मग त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरले. त्यांचं बघून एकेकाने तसंच केलं. ओझं उचलताना माणसाचा होतो तसा त्या सगळ्यांचा चेहरा काहीही न उचलता झाला होता.

काकांनी मग गाडीकडे बघितलं. बोलायला नियमात मनाई नव्हती. "विलास, मांगं घे जरासा," ते सावकाश म्हणाले. "डावीकडे चाकोरी हाये, तिच्यात चाक टाक. खाली मुरूम लागते."

विलासने गाडी इंच इंच मागे घेतली. मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. ते अरुंद चाक गाळात शिरलं, शिरलं, आणि टक्कन थांबलं. गाठ मारलेल्या दोरीच्या मापाने बसवलेलं दुसरं चाक त्याच क्षणी आपोआप दुसऱ्या चाकोरीत गेलं. विलासने गिअर टाकला. गाडी एकदा कण्हली, मागची चाकंही मुरमाला लागली आणि ती निघाली. नाला चढली, पन्नास पावलं गेली, रेषा ओलांडली आणि ओलांडताच तिची साखळी तुटून चिखलात पडली.

पंच जवळ आले. गाडीभोवती फिरले, लाकडी चाकाच्या तिरप्या आऱ्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, माझा आराखडा उघडून ताडून पाहिला, आणि बोनेटवर कागद ठेवून सही केली. पाचातल्या दोनच गाड्या पोहोचल्या होत्या, आम्ही दुसरे. विलासने बसल्या जागेवरून मागे वळून कागद रेषेपाशी येऊन थांबलेल्या बाबांना दिला. बाबांनी तो उलटासुलटा केला, नीट घडी केली आणि टोपीत ठेवून टोपी पुन्हा डोक्यावर घातली. विलासकडे बघायचं त्यांनी टाळलं. मला मात्र त्यांचे डोळे दिसले.

मागोमाग आलेलं गाव अजून रेषेच्या अलीकडेच उभं होतं, हात पाठीशी धरून. शर्यत संपली, असं पंचांनी दोनदा सांगितलं तरी कोणी हललं नाही. शेवटी सुदामकाका रेषेपाशी आले. रेषेला पाय लागू न देता त्यांनी विचारलं, "साहेब, आता लावू काय हात?"

पंचांनी मान हलवली.

सांगायला शब्द पुरणार नाहीत असा तो लोंढा आला. साखळी तुटलेली गाडी आम्हा दोघांसकट हलली, चाकोरीला लागली, आणि तीन मैलांवरच्या गावाकडे पळायला लागली. बाबा विलासच्या सीटमागे होते, खांदा लावून, वाकून. मला बसून राहणं जमेना. मी चालत्या गाडीतून उडी मारली, चिखलात पडलो, उठलो, आणि मागे पळत जाऊन मीही हात लावायला गेलो. सगळ्या गाडीभोवती फिरलो, पण हात ठेवायला कुठे जागाच उरली नव्हती.